वडिलांचं क्रिएटिनिन ६.४, डॉक्टर म्हणायलेत फिस्टुला करून घ्या, घरचे म्हणायलेत आधी झाडपाला बघू

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही गंगाखेडकडचे. अण्णांचं वय ५८, शुगर बऱ्याच वर्षांपासून, बीपी पण आहे. पायावर सूज, जेवण नको नको, जरा चाललं की दम, म्हणून परभणीला दाखवलं तर क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण किती साठली ते सांगणारा आकडा) ६.४ अन् हिमोग्लोबिन ८.१ आलं, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान झाल्यात असं लिहिलंय. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डायलिसिस आज लगेच नाही पण लागणार हे धरून चाला, तोवर हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी अन् शीर जोडायचं छोटं ऑपरेशन, करून घ्या.
घरात आता दोन तट पडलेत. आत्या अन् चुलते म्हणायलेत एकदा का माणूस मशीनवर चढला की उतरत नाही, आधी झाडपाल्याचं औषध करून बघू, हाताला कापाकापी कशाला. अण्णा स्वतः म्हणतात लघवी तर रोजच्यासारखी होतीय मग किडनी गेली कशी. मला ह्याचं उत्तरच देता येईना. कुणी नीट समजावून सांगा, किडनी नेमकं करते काय आणि इथून पुढं रस्ते कोणते आहेत.

डॉ_बालाघाट
मी एमडी मेडिसिन, बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस. अण्णांचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि ओपीडीत हाच प्रश्न सारखा येतो. लघवी होणं वेगळं आणि लघवीतून घाण बाहेर पडणं वेगळं.
हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर रक्त, नुसत्या ह्या दोन किडन्यांकडं जातं. १०-१२ सेंटिमीटरचा एवढासा अवयव, पण एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, तिथं रक्त गाळलं जातं, दिवसाला जवळपास १८० लिटर. आता १८० लिटर लघवी कुणालाच होत नाही, कारण पुढं जी लांब नळी असते ती पाणी, मीठ, साखर, जे जे शरीराच्या कामाचं ते परत रक्तात ओढून घेते आणि शेवटी दीड-दोन लिटर उरतं ते आपण बाहेर टाकतो. गाळणं हे निम्मंच काम आहे, काय ठेवायचं अन् काय सोडायचं हे ठरवण्यात किडनीचं खरं कसब आहे.
शुगरनं आणि बीपीनं हे गुंते हळूहळू बुजत जातात. गेलेला नेफ्रॉन परत येत नाही, उरलेले त्याचं काम ओढतात, म्हणून वर्षानुवर्षं माणसाला काही जाणवतच नाही. निम्मं काम बंद पडलं तरी क्रिएटिनिन नॉर्मलच्या आतबाहेर दिसू शकतं. अण्णांचं ६.४ म्हणजे त्यांच्या वयाला ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) ९ च्या आसपास बसतो, १५ च्या खाली गेला की पाचवी, म्हणजे शेवटची, स्टेज धरतात. पाणी बाहेर पडतंय, पण त्यात युरिया, पोटॅशियम, आम्ल जेवढं जायला पाहिजे तेवढं जात नाही, ते रक्तात साठतं. जेवण नको वाटणं हे त्याचंच लक्षण.
हिमोग्लोबिनचं पण तेच. किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन बनवते, हाडातल्या मगजाला रक्त तयार करायचा निरोप त्यानं जातो. तो निरोप बंद झाला की नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, ते इंजेक्शन बाहेरून द्यावं लागतं. ड जीवनसत्त्व कामाला लावणं, बीपी सांभाळणं, हे पण किडनीच करते.
एक विचारू? अण्णांची शुगर अलीकडं आपोआप कमी राहायला लागली का?

गोदाकाठ
हो डॉक्टरसाहेब! इन्सुलिन निम्म्यावर आणलं तरी मधी दोनदा घाम फुटून हातपाय गार पडले होते. चुलते म्हणत होते कारल्याच्या रसानं शुगर गेली, घरात सगळे खूश होते.

डॉ_बालाघाट
ते कारल्यानं नाही हो. इन्सुलिनचा बराच भाग किडनी मोडीत काढते. किडनीचं काम घटलं की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं आणि शुगर खाली जाते. आपल्याकडं कितीतरी घरांत ह्याला शुगर बरी झाली समजतात आणि नेमकं तेव्हाच तपासणीला जायचं थांबवतात. फार वाईट वाटतं हे बघून. इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून परत बसवून घ्या, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर आजच विचारा, ईजीएफआर ३० च्या खाली ती गोळी देत नाहीत.

सेलूकर
मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. आमच्या चुलतभावाचं डायलिसिस चालू झालं होतं, महिनाभर केलं, मग एका वैद्याचं औषध घेतलं अन् मशीन कायमचं सुटलं. आज गडी शेतात काम करायलाय. म्हणून मी म्हणतो सगळंच खोटं नसतं, एकदा करून बघायला काय जातंय.

मशीनवाला
सेलूकर भाऊ, भावाचं डायलिसिस कशामुळं लागलं होतं? अंगात ताप, जुलाब, साप, असं काही झालं होतं का?

सेलूकर
हो, घोणस चावली होती, सोयाबीन काढताना. लघवी बंद झाली होती पूर्ण.

मशीनवाला
मग तेच तर. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, बरीच वर्षं झाली, असे पेशंट दर पावसाळ्यात येतात. घोणशीच्या विषानं किडनीला एकदम धक्का बसतो, लघवी थांबते, पण किडनी आधीची धडधाकट असल्यामुळं काही आठवड्यांत बहुतेकांची परत चालू होते, तोवर मशीन माणसाला जगवतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी पाणी कमी पडलं तर, जास्त पेनकिलरनं, तसंच होतं. भाऊ वाचला तो सापाच्या लशीनं आणि डायलिसिसनं, औषध नेमकं किडनी चालू व्हायच्या वेळेला पोटात गेलं म्हणून श्रेय त्याला मिळालं. अण्णांचं तसं नाही, सोनोग्राफीत किडन्या आक्रसल्यात म्हणजे हे वर्षानुवर्षांचं दुखणं आहे. दोन्हीला लोक किडनी फेल म्हणतात अन् तिथंच घोटाळा होतो.
आणि झाडपाल्याच्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. काही भस्मांत पारा, शिसं निघतं, काही पुड्यांत पेनकिलर, स्टिरॉइड मिसळलेलं असतं, ईजीएफआर ९ असलेल्या माणसाला ते सोसत नाही. शिकलेल्या वैद्यांबद्दल मला आदर आहे, त्यातले चांगले असतात ते क्रिएटिनिनचा आकडा बघून स्वतःच सांगतात की किडनीच्या डॉक्टरकडं जा.
आता फिस्टुल्याचं सांगतो कारण माझा जीव त्यात आहे. मनगटाजवळची एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात, फक्त तेवढी जागा बधिर करून. धमनीचा जोर शिरेत आला की शीर हळूहळू जाड आणि टणक होते, मगच तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया घालता येतात. ह्याला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्त. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढं मांडली आणि आजही ह्याच्यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. जे लोक वेळेवर करत नाहीत ते कसे येतात सांगू? रात्री दम लागून, छातीत पाणी भरून, ओठ निळे, नातेवाईक घाबरलेले, मग गळ्यातल्या मोठ्या शिरेत कॅथेटर (नळी) टाकून डायलिसिस करावं लागतं, त्या कॅथेटरला इन्फेक्शन झालं की थंडी वाजून ताप येतो, आणि त्यात पेशंट दगावला की गावात बोभाटा होतो मशीनवर चढवला अन् गेला. तो मशीननं जात नाही हो, उशिरानं जातो. तुमच्या आत्याबाईंना हे एवढं नीट सांगा.
फिस्टुला झाल्यावर अण्णांनी रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटं त्या जागेवर ठेवून बघायचं. मांजर घुरघुरतंय तशी थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर दुपारपर्यंत पण थांबायचं नाही, तडक डॉक्टरकडं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही, घट्ट कडं-घड्याळ नाही, उशाला घेऊन झोपायचं नाही, पाटी उचलायची नाही. आणि आत्ता, फिस्टुला व्हायच्या आधीच, डाव्या हाताच्या शिरा राखा. रक्त काढायचं तर पंजाच्या मागून काढा म्हणायचं. हिपॅटायटिस बी ची लस पण आत्ताच चालू करा, किडनीच्या पेशंटला डबल डोस असतो.

गोदाकाठ
मशीनवाला दादा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मशीनवर नेमकं काय करतात ते पण सांगता का, अण्णांना भीती त्याचीच आहे. रक्त सगळं काढून घेतात असं कुणीतरी सांगितलंय त्यांना.

मशीनवाला
सगळं नाही काढत. एका वेळेला जेमतेम पाव लिटरच्या आसपास रक्त अंगाबाहेर असतं, एका सुईनं जातं, दुसऱ्या सुईनं परत येतं, चार तास हे फिरत राहतं. मधी एक नळकांडं असतं, त्यात हजारो बारीक पोकळ धागे, धाग्याच्या आतून रक्त आणि बाहेरून औषधी पाणी. धाग्याच्या पडद्याला एवढी बारीक भोकं असतात की युरिया, पोटॅशियम पाण्यात उतरतं, रक्ताच्या पेशी अन् प्रोटीन आतच राहतात. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी चार तासांत १२० लिटर पाणी एका पेशंटला लागतं, म्हणून सेंटरला आरओ प्लांटची निगा फार बघावी लागते, आपल्या बोअरच्या जड पाण्याला तर जास्तच. सेंटर निवडताना एसी बघू नका, पाण्याची तपासणी कधी झाली ते विचारा.
पहिलं चालणारं मशीन विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरनं १९४३ ला नेदरलँड्समध्ये बनवलं, देशावर जर्मनांचा ताबा असताना. मला ह्या माणसाचं फार मोल वाटतं.
आठवड्यात तीन वेळा, चार-चार तास, हा नियम. आपल्याकडं गाडीभाड्यापायी, मजुरी बुडते म्हणून लोक दोनदा करतात आणि मग दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत दम लागतो. इतकं करूनही मशीन निरोगी किडनीच्या १०-१५ टक्केच काम करतं, म्हणून पाळी चुकवायची नाही. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि २०१६ ला जाहीर झालेल्या प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय केलेली आहे. रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. एसटीत पण डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, डेपोत कागद काय लागतात ते विचारून घ्या.

धपाटे_आणि_दही
मी स्वयंपाकघराचं सांगते, सासरे दोन वर्षं डायलिसिसवर आहेत, लातूरला. डॉक्टर पथ्याचा कागद देतात पण त्यात येसर आमटी नसते ना, आपल्या घरचं आपल्यालाच बसवावं लागतं.
मीठ हा पहिला शत्रू. लोणचं, पापड, खारोड्या, वरून घ्यायची शेंगदाण्याची चटणी बंद. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी पितात, पाणी पिलं की वजन वाढतं अन् मशीनवर ते ओढताना पायात गोळे येतात. पाणी किती, तर आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं अधिक अर्धा लिटर, त्यातच चहा, ताक, आमटी सगळं आलं. मी सकाळी एका बाटलीत मोजून भरून ठेवते, ज्यानं त्यानं येता-जाता तांब्या पुढं करायचा नाही. सूज आलेल्या माणसाला भरपूर पाणी पाज, किडनी धुवून निघते, असं सांगणारे पाहुणे भेटतील, त्यांचं ऐकू नका.
दुसरं पोटॅशियम. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येकजण मोसंबी, केळी, नाहीतर नारळपाणी घेऊन येतो, आणि नेमकं तेच चालत नाही, पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं. आम्ही पाहुण्यांना सरळ सफरचंद आणा म्हणून सांगतो. बटाटा, पालेभाजी चिरून कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडून तेही फेकायचं. डब्यात कमी सोडियमवालं मीठ मिळतं ते चुकूनही आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं.
डायलिसिसच्या आधी डाळ-प्रोटीन कमी सांगतात अन् चालू झाल्यावर वाढवतात, अंड्याचा पांढरा भाग देतात. हा बदल बऱ्याच घरांत कुणी करत नाही, माणूस वाळून जातो. सासऱ्यांना भाकरी आवडते ती मी बंद केली नाही, जेवणातली चव गेली की माणूस खचतो.

डॉ_बालाघाट
ताई, फार नेमकं लिहिलंत. एवढंच जोडतो की पोटॅशियम ज्याचं त्याचं रिपोर्ट बघून ठरवायचं, सगळ्यांना सरसकट फळं बंद करू नयेत.

तेरणाकाठ
डायलिसिस म्हणजे फक्त मशीन नव्हे हे कुणी सांगितलंच नाही. आमच्या वडिलांचं पोटाचं डायलिसिस चालू आहे, घरीच. पोटात मऊ नळी बसवतात, तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं, काढून टाकायचं, परत नवी पिशवी. दिवसातून तीन-चार वेळा. पोटाच्या आतला जो पडदा असतो त्यातूनच घाण पाण्यात उतरते. आमच्या गावावरून सेंटरला जायचं म्हणजे सगळा दिवस जातो, त्यापेक्षा हे बरं पडलं, वडील स्वतः पिशवी बदलतात अन् वावरात जातात. रोज होत असल्यामुळं खाण्यापिण्याचं पण मशीनएवढं कडक नाही.
पण स्वच्छतेत हयगय चालत नाही. आम्ही एक खोली वेगळी केली, चुना मारला, पंखा बंद करायचा, दार लावायचं, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, मगच नळीला हात. निघणारं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं की इन्फेक्शन समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, पिशवी सोबत घेऊन. पिशव्यांचा महिन्याचा खर्च होतो, तुमच्या योजनेत किती बसतं ते आरोग्यमित्राला विचारा.

आईची_किडनी
गोदाकाठ, तुमच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा विषय काढलाय का? नसेल तर तुम्हीच काढा, डायलिसिस चालू व्हायची वाट बघायची गरज नाही, त्याच्या आधीपण करता येतं.
मला आईनं किडनी दिली. रक्तगट, मग टिश्यू मॅचिंग, क्रॉसमॅच (माझं रक्त तिच्या पेशींवर धावून जातंय का ते), आईचं सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं स्कॅन), तिची शुगर-बीपी-लघवीतलं प्रोटीन सगळं तपासलं. तिला जरा जरी धोका वाटला असता तर डॉक्टरांनी घेतली नसती, आणि एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो हे मी तिच्याकडं बघूनच सांगते, आजही पहाटे उठून धारा काढते. कायदा १९९४ चा आहे, २०११ ला सुधारला. आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरतात, बाकी कुणी द्यायची म्हटलं तर समितीपुढं जावं लागतं. पैसे देऊन किडनी घेणं गुन्हा आहे, एजंट भेटतील, त्यांच्या सावलीलाही उभं राहू नका.
जुन्या किडन्या बहुधा काढत नाहीत, नवी उजव्या ओटीपोटात बसवतात. शुद्धीवर आले तेव्हा नर्सनी लघवीची पिशवी दाखवली, भरत होती, मी किती दिवसांनी एवढी लघवी बघितली असेल. पण हे बरं होणं म्हणजे औषध संपलं असं नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट रोज ठरल्या वेळेला, जन्मभर, कारण शरीर त्या किडनीला परकी समजून तिच्यावर धावून जातं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांची किडनी जाते.
एक मनातलं बोलते. आपल्याकडं किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आई, बायको, बहीण. पुरुषाच्या पाळीला कुणीतरी म्हणतं कमावता आहे, राहू द्या. तुमच्या घरी दाता शोधताना मुलांची, भावांचीही तपासणी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे लई उपकार. फिस्टुल्याची तारीख घेतली, चुलते सोबत येतो म्हणालेत. ताई, मी अन् धाकटा भाऊ दोघं तपासून घेणार आहोत. आई पण मीच देणार म्हणती, पण अण्णांचा रक्तगट ओ अन् आईचा बी, तिला बीपीची एक गोळी पण चालू आहे. मग तिचं कटलंच ना?

डॉ_बालाघाट
लगेच कटलं म्हणू नका. एका गोळीवर नीट आटोक्यात असलेलं बीपी काही जणांना चालवून घेतात, तिचं वय, किडनी, हृदय बघून ठरवतात. रक्तगटाला दोन वाटा आहेत. रक्तातल्या अँटिबॉडी आधी उतरवून गट न जुळता पण ट्रान्सप्लांट करतात, खर्च जास्त येतो. दुसरी वाट स्वॅप, म्हणजे तुमची आई दुसऱ्या घरच्या पेशंटला आणि त्यांचा दाता अण्णांना, २०११ च्या सुधारणेनं ह्याला मान्यता आहे. अण्णा ओ असल्यामुळं त्यांना ओ दाताच लागतो, स्वॅपला वेळ लागू शकतो.
तुम्ही दोघं भाऊ तपासाल त्यात शुगर आणि लघवीतलं अल्ब्युमिन आधी करा, वडिलांना शुगर असलेल्या मुलांच्या बाबतीत दाता म्हणून डॉक्टर फार जपून निर्णय घेतात. ब्रेनडेड (मेंदू मृत झालेल्या) दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत पण नाव लावून ठेवा, हे अवयववाटप बघणारी मराठवाड्याची झेडटीसीसी छत्रपती संभाजीनगरला आहे, नोंदणी ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत होते. आणि अण्णांची शुगर एवढ्या वर्षांची, तेव्हा ह्या सगळ्याच्या आधी त्यांच्या हृदयाची टू-डी इको आणि लागली तर अँजिओग्राफी होईल. अँजिओचं औषध किडनीवर ताण देतं, त्यामुळं ती कधी करायची हे हृदयाच्या आणि किडनीच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या, दोघांचे कागद एकाच फाईलला लावून न्या.